स्टोअरमधला देवाचा वाटा

मुंजाबाला कुणी विचारलं, "लेकी किती?" तर तो सांगायचा, "एक." घरात होत्या दोन. थोरली सारजा आणि धाकटी पारू. दोघी एका ताटात जेवणाऱ्या, एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या आणि मुकुंदवाडीच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेल्या. तरी मुंजाबा आपला एकच सांगायचा. पारूवर त्याची माया कमी होती असं मात्र समजू नका. माया होती म्हणूनच तर ती मोजणीच्या बाहेर.

ही खोड त्याच्या बापाची. कडूबा करमाडच्या माळावर मेंढरं चारायचा. कळपातली दोन मेंढरं देवाच्या नावानं सोडलेली असायची. ती विकायची नाहीत, मोजायची नाहीत आणि कुणी विचारलं तर सांगायचीही नाहीत. पुरा आकडा तोंडातून निघाला की त्याला नजर लागते, असं कडूबाचं पक्कं मत. बहात्तर साली जनावरं मोजायला सरकारी माणूस आला. कडूबा वाघाला भ्यायचा नाही, पण सरकारी पिशवी बघितली की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यानं देवाची दोन धरून पुरी एकशे बत्तीस सांगून टाकली. त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि निम्म्याहून जास्त कळप माळावर आडवा झाला. आता दुष्काळ काही एकट्या कडूबाचा नव्हता, साऱ्या मराठवाड्याचा होता. पण कडूबा मरेपर्यंत म्हणत राहिला, "म्या आकडा सांगितला म्हून गेली." तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुंजाबाच्या मनात ते जे बसलं ते बसलं.

मेंढरं गेल्यावर मुंजाबानं दुष्काळी कामावर खडी फोडली, मग बांधकामावर घमेली उचलली. अठ्ठ्याहत्तरला मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं, त्याच्या पुढच्या वर्षी तो चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चिकटला. स्कूटर आणि रिक्षाचे ब्रेक बनवायचा कारखाना. पुढं वाळूजला एक मोठी कंपनी आली आणि तयार माल सगळा तिला जायला लागला. मुंजाबाला स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून टाकला. शिक्षण चौथी. पण तिथल्या रॅकवरच्या तीनशे डब्यांशी त्याची दोन महिन्यांत अशी ओळख झाली, जशी बापाची प्रत्येक मेंढराच्या तोंडाशी होती. अंधारात हात घालून तो सांगायचा, ही स्कूटरची स्प्रिंग, ही रिक्षाची.

नोकरीचा फॉर्म भरला तेव्हा सारजा रांगत होती. पुढं पारू झाली. घरच्या माणसांची नावं पुन्हा विचारली गेली, तेव्हाही यानं सवयीनं एकच लेक सांगितली. झालं काय, पारूचा हात मोडला तेव्हा कामगार विम्याच्या दवाखान्यात तिचं नाव कार्डावर निघेना. त्याची बायको बानाबाई काही हरणारी नव्हती. तिनं तिथल्या तिथं पारूला सारजा करून हाताला प्लास्टर घालून आणलं आणि घरी आल्यावर मुंजाबाला असं फैलावर घेतलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसली. तरी गडी बधला नाही. "कार्डावर नाय म्हून तर वाचली ती," म्हणाला. अशा माणसापुढं काय बोलणार?

आणि जी रीत लेकीला, तीच डब्यांना. नवा माल आला की मुंजाबा तो मोजायचा, त्यातला थोडा डब्याच्या तळाशी ठेवायचा, त्यावर पोत्याचा तुकडा अंथरायचा आणि वर उरलेला माल. तुकड्याखालचा तो देवाचा वाटा. तो डब्याच्या मोजणीच्या कार्डावर चढायचा नाही. माल आत आला की दारावर पूर्ण संख्येची सही व्हायची, पण पुढं तुटकं-फुटकं, गंजलेलं, परत गेलेलं अशी त्यात इतकी वजाबाकी व्हायची, की देवाचा वाटा त्यात सहज लपून जायचा. त्यात चोरी नव्हती हो. पंधरा वर्षांत त्यानं एक वॉशरसुद्धा गेटबाहेर नेला नाही.

उलट कारखान्याला त्याचा फायदाच दिसायचा. माल संपला, लाइन थांबली, सुपरवायझर डोक्याला हात लावून स्टोअरमध्ये आला, की मुंजाबा म्हणायचा, "बसा, बघतो." मग रॅकमागं जायचा आणि ओंजळ भरून यायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. कारखान्याचे मॅनेजर नानासाहेब सिल्लोडकडचे, शेतकऱ्याघरचे, स्वभावानं तापट. पण तेही चारचौघांत म्हणायचे, "मुंजाबाची मोजणी चुकत नाय. तो हाय म्हून कंपनी हाय." हे ऐकलं की मुंजाबा मान खाली घालून टोपी सारखी करायचा. आतून मात्र लई गोड वाटायचं, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं.

त्र्याण्णवच्या जुलैत कारखान्यात कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी वेगळी खोली केली, थंड हवेचं यंत्र बसवलं आणि बाहेर पाटी लावली की चपला काढून आत यावं. पाटी होती धुळीसाठी. पण कामगारांनी तिचा अर्थ आपल्या परीनं लावला. मुंजाबा पहिल्या दिवशी अनवाणी आत गेला आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. त्याच्यामागून फकिरानंही तेच केलं. हा फकिरा स्टोअरमधला कारकून, मुंजाबा सांगेल ते लिहिणारा. आत कॉम्प्युटरसमोर बसलेली मुलगी हसली नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी आशा हिवराळे. मामा, हे मशीनच आहे. चपला फक्त धुळीमुळं."

आशा विज्ञान शाखेची पदवीधर, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, तेवीस वर्षांची. भावसिंगपुऱ्यातून बापाच्या सायकलवर मागं बसून सिडकोपर्यंत यायची, तिथून पुढं बस. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवली होती. सहा महिन्यांत कॉम्प्युटरचा हिशेब स्टोअरच्या मालाशी जुळला तर ती कायम, नाहीतर तिचा रस्ता मोकळा.

हे खूळ हवंच कशाला, असं साऱ्यांनाच वाटायचं. नानासाहेबांनी एकदा सगळ्यांना उभं करून सांगितलं. वाळूजची कंपनी आता आठवड्याला बेत बदलते. आज म्हणते स्कूटरचे ब्रेक द्या, परवा म्हणते रिक्षाचे. आपल्याकडं काय माल आहे हे कळायला आपल्याला आठ दिवस लागतात. तोवर ऑर्डर दुसऱ्याच्या दारात जाते. त्यांनी सांगितलं आणि कामगारांनी ऐकलं, पण प्रत्येकाच्या डोक्यात एकच, कॉम्प्युटर आला म्हणजे आता माणसं जाणार. त्यामुळं कुणी उघड नाही म्हटलं नाही आणि मनापासून हो पण म्हटलं नाही. कॉम्प्युटरमध्ये भरायच्या मालाच्या चिठ्ठ्या उशिरा जायच्या, अर्धवट जायच्या, कधी चहाच्या डागासकट जायच्या.

आणखी एक गोष्ट होती. सांगायला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. मोर्चे, बंद, घोषणा. कारखान्यात कुणी कुणाशी भांडत नव्हतं, पण जो तो दुसऱ्याचं आडनाव मनात घोळवायचा. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये आशा ज्या टेबलावर बसायची, त्या टेबलावर दुसरं कुणी बसायचं नाही. कुणी काही बोललं नाही, कुणी ठरवलं नाही. फक्त ते टेबल रिकामं राहायचं. मुंजाबाही दुसरीकडंच बसायचा. का, ते त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटी मोजणी असायची. मुंजाबा डबे मोजायचा, आकडा सांगायचा, फकिरा चिठ्ठीवर लिहायचा, आशा चिठ्ठी बघून कॉम्प्युटरमध्ये भरायची. मुंजाबा देवाचा वाटा सोडूनच सांगायचा, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? मग व्हायचं असं, की कॉम्प्युटर म्हणायचा माल संपला, आणि मुंजाबा रॅकमागून ओंजळ भरून आणायचा. सारा कारखाना हसायचा. "मशिनीपरीस मुंजाबा बरा!" आशा खाली मान घालून आकडा दुरुस्त करायची. मुंजाबा टोपी सारखी करायचा.

डिसेंबरात वाळूजहून फोन आला. रिक्षाच्या ब्रेकचे तीनशे सेट चार दिवसांत देता का? एका सेटला दोन स्प्रिंगा, म्हणजे सहाशे लागणार. नानासाहेबांनी कॉम्प्युटरला विचारलं. आशानं सांगितलं, पाचशे वीस आहेत. स्प्रिंग यायची पुण्याहून, आठ दिवस लागणार. नानासाहेबांनी जड मनानं नाही म्हटलं. नेमका त्या दिवशी मुंजाबा मेव्हण्याच्या लग्नाला फर्दापूरला गेला होता. नाहीतर तो रॅकमागं गेलाच असता.

तीन दिवसांनी नानासाहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते स्वतः स्टोअरमध्ये आले आणि फकिराला म्हणाले, "रिक्षाच्या स्प्रिंगचा डबा ओत इथं." फकिरानं ओतला. स्प्रिंगांबरोबर पोत्याचा तुकडाही पडला, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मोजल्या. सहाशे अकरा.

नानासाहेब तडक थंड खोलीत गेले, चपला न काढता. मागोमाग फकिरा आणि लग्नाहून परतलेला मुंजाबा.

"पाचशे वीस भरल्या तू! सहाशे अकरा हायेत. तुझ्या चुकीनं ऑर्डर गेली."

"साहेब, चिठ्ठीवर पाचशे वीसच होतं," आशा म्हणाली.

"कुठाय चिठ्ठी?"

चिठ्ठ्या महिना संपला की कॅन्टीनच्या चुलीत जायच्या. नानासाहेब म्हणाले, "आन् चिठ्ठीत चूक आसंल कशी? मोजणी मुंजाबाची हाय. पंधरा वर्षांत चुकला नाय तो. चुकला का रे कधी?"

सगळ्यांनी मुंजाबाकडं बघितलं. मुंजाबानं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. तोंड उघडलं असतं तर तिथंच निभावलं असतं. पण पंधरा वर्षांची अब्रू आडवी आली.

"दहा जानेवारीला समदी मोजणी हाय," नानासाहेब म्हणाले. "जुळली तर ठीक. नाय जुळली तर हे खोकं झाकून ठेवायचं आन् तू घरी."

त्यानंतरचे दोन दिवस मुंजाबाला भाकर गोड लागली नाही. बानाबाईनं विचारलं, पोटात दुखतंय का? तो म्हणाला, व्हय.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो आपला डबा घेऊन उठला आणि आशाच्या टेबलावर जाऊन बसला. फकिराचा घास हातातच राहिला. मुंजाबानं डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी. अर्धी भाकर मोडून त्यानं तिच्यापुढं ठेवली. तिनं आपल्या डब्यातली मेथी त्याच्या झाकणात वाढली.

मग मुंजाबा म्हणाला, "पोरी, येक इचारू? हे समदं मोजून, लिहून ठिवायचं कशाला? मानसाला ठाऊक आसलं म्हंजी झालं की. पुरतं मोजलं की नजर लागती."

आशानं पाणी पिऊन घेतलं. "मामा, आमचं घर जळालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. अठ्ठ्याहत्तर साली, गावाकडं. पंचनामा करायला माणूस आला. त्यानं आईला विचारलं, घरात काय काय होतं? आईला काही सुचेना. ती म्हणाली, सगळं होतं. त्यानं परत विचारलं, म्हणजे काय काय? आई म्हणाली, माझा संसार होता. त्यानं लिहिलं, किरकोळ सामान."

आशा डब्याचं झाकण लावत पुढं म्हणाली,

"आईच्या लग्नातली पितळी घागर होती, आज्याची घोंगडी होती, दोन पोती ज्वारी होती, माझी पाटी होती. लिहिलेलं काहीच नव्हतं. मोजलेलं नसलं ना मामा, की गेलेलं दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. मला मोजायला आवडतं ते त्याच्यामुळं."

ती डबा धुवायला उठली. मुंजाबा बसून राहिला. आजवर त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की मोजल्यामुळं जातं. मोजलं नाही म्हणूनही जातं, आणि असं जातं की गेल्याचा पत्ता लागत नाही, हे त्याच्या बापाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पारूचा मोडलेला हात आठवला. दवाखान्याच्या खिडकीत बानाबाई पोरीला दुसऱ्याच नावानं हाक मारत उभी होती, ते आठवलं. आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सुट्टी संपायच्या आत तो स्टोअरमध्ये गेला. रिक्षाच्या स्प्रिंगचा डबा उघडकीला आलाच होता, म्हणून त्यानं स्कूटरच्या स्प्रिंगचा डबा काढला, पोत्याच्या तुकड्यासकट उचलला, चपला दाराशी काढल्या आणि डबा आशाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हे मोज. वरचं येगळं, फडक्याखालचं येगळं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. बाप, मेंढरं, सरकारी माणूस, देवाची दोन, तीनशे डब्यांचे तीनशे वाटे. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "त्या दिशी म्या गप ऱ्हायलो. तुझ्या नावावर जी चूक हाय ती माझी हाय."

आशा रागावली असती तर तिचं काही चुकलं नसतं. सहा महिने या माणसाच्या ओंजळीनं तिला साऱ्या कारखान्यात हसं केलं होतं. पण ती पोत्याच्या तुकड्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तीनशे डब्यांत आहे असं? मामा, मग आपल्याला लवकर सुरुवात करायला पाहिजे."

मुंजाबा आजही हे सांगताना डोळे पुसतो. ती 'आपल्याला' म्हणाली, हे तो दोनदा सांगतो.

दहा तारखेच्या आधीच्या शनिवारी बंद होता. शहर बस निघाल्या नाहीत, निम्मा कारखाना आलाच नाही, मशिनी गप्प. मुंजाबा मुकुंदवाडीहून चालत आला. आशाला तिच्या बापानं भावसिंगपुऱ्यापासून थेट गेटपर्यंत सायकलवर आणलं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून तो माघारी गेला. फकिराही आला. मुंजाबानं त्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. पंधरा वर्षं खोटे आकडे लिहिले म्हणून तो आधी भांडला आणि मग बंडी काढून कामाला लागला.

पहिला डबा वॉशरचा. मुंजाबानं वरचे मोजले, फडक्याखालचे मोजले, बेरीज केली आणि तो पोत्याच्या तुकड्याची घडी घालत बसला. पुरा आकडा. बापानं एकशे बत्तीस सांगितली, त्यानंतर प्रथमच.

"सांगा मामा," आशा म्हणाली.

"चारशे बारा," मुंजाबा म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. रॅक कोसळला नाही. पत्र्यावर एक चिमणी उड्या मारत होती, ती मारतच राहिली. त्यानं डोळे उघडले. आशानं आकडा लिहिला होता आणि पेन्सिल धरून ती पुढच्या डब्याची वाट बघत होती.

दुपारपर्यंत ऐंशी डबे झाले. मग आशा म्हणाली, "मामा, या फडक्याखालच्या मालाचा खरंच उपयोग होतो. नाही असं नाही. लाइन थांबायची वेळ येते तेव्हा तोच कामाला येतो. तो मोडू नका. फक्त लपवू नका."

"म्हंजी?"

"कॉम्प्युटरमध्ये मी एक वेगळा रकाना करते. एका रकान्यात रोज वापरायचा माल आणि दुसऱ्यात देवाचा वाटा. मोजलेलाही राहील आणि हात न लावलेलाही. तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही."

मुंजाबानं कधी स्वप्नातही असं काही ऐकलं नव्हतं. मोजलेलं आणि तरी देवाचं! त्यानं फकिराकडं बघितलं. फकिरा म्हणाला, "शानी हाय रे पोरगी." शनिवार-रविवार मिळून तीनशेच्या तीनशे डबे झाले. त्या कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून आशानं रकान्याच्या डोक्यावर नुसता इंग्रजी डी टाकला.

सोमवारी मोजणी झाली. नानासाहेब कुठलाही डबा उघडायचे आणि कॉम्प्युटरचा कागद बघायचे. एकूणएक जुळलं. ते खूश होऊन आशाला काहीतरी म्हणणार, तेवढ्यात मुंजाबा पुढं झाला. आशानं त्याला आधीच सांगितलं होतं, मामा, जुळलंय, आता नका बोलू. पण त्यानं टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं.

नानासाहेब लाल झाले. "आरं, लोक कंपनीचं चोरून नेत्यात. तू चोरून ठिवलं? आन् या पोरीला म्या इतकं बोललो, तवा तू माझ्या शेजारी हुबा होता!"

"व्हय साहेब. ते लई वंगाळ झालं. मला काय करायचं ते करा. तिच्या नावावरची चूक तेवढी खोडा."

नानासाहेब तापट होते, पण माणूस आडवा नव्हता. ते थोडा वेळ येरझारा घालत राहिले. मग आशासमोर उभे राहून साऱ्या स्टोअरदेखत म्हणाले, "मी चुकलो, बाई." आणि मुंजाबाला म्हणाले, "तुला काय करू? देवाच्या वाट्याला पहारेकरी पायजे की नाय? कर तूच."

त्याच शुक्रवारी संक्रांत होती, आणि त्याच दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षांनी. शनिवारी आशा पेढ्यांचा पुडा घेऊन कॅन्टीनमध्ये आली आणि दाराशीच थांबली. कुणाला द्यावा, कोण घेईल, या विचारानं तिचा पाय अडखळला असावा. मुंजाबा उठला, दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाला, "आण." मग खिशातून बानाबाईनं बांधून दिलेली तिळगुळाची पुरचुंडी काढून तिच्या हातावर ठेवली. फकिरानं पेढा घेतला. मग रांगच लागली. सगळेच उठले असं नाही, चारदोन जण ताटात बघत बसले. पण ते टेबल त्यानंतर रिकामं राहिलं नाही. फकिरानं विचारलं, तुझ्या डिग्रीवर आता नवं नाव येणार का? आशा म्हणाली, "जुनंच आहे, राहू द्या. माझ्या धाकट्या भावाच्या डिग्रीवर येईल."

पुढच्या आठवड्यात वाळूजहून पुन्हा फोन. त्यांना माल देणाऱ्या दुसऱ्या कुणाचा ट्रक वाटेत अडकला होता. रिक्षाचे साडेतीनशे सेट चार दिवसांत पाहिजेत. नानासाहेब फोन कानाला लावूनच थंड खोलीच्या दारात आले. चहा गार व्हायच्या आत आशानं कागद काढून दिला. मधल्या काळात पुण्याहून नव्या स्प्रिंगा आल्या होत्या, तरी रोजच्या मालात थोड्या कमी पडतात, पण देवाचा वाटा धरला तर पुरतात आणि वर काही उरतात.

नानासाहेब स्वतः चालत स्टोअरमध्ये आले. "मुंजाबा, देवाच्यातलं देतो का?"

"घ्या की. त्यासाठीच हाय."

दुपारच्या जेवणाआधी लाइन स्कूटरवरून रिक्षावर वळली. मुंजाबा दारात उभा राहून बघत होता. कळप वळवायचा तर सगळ्यात मागचं मेंढरू कुठं आहे ते मेंढपाळाला ठाऊक असावं लागतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. ते कारखान्यालाही लागू आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी माल वाळूजला पोचला आणि त्यानंतर तिथले फोन वाढतच गेले. एकही माणूस कमी झाला नाही, उलट मार्चात स्टोअरमध्ये दोन नवी माणसं घेतली. चिठ्ठ्या आता वेळेवर जायच्या. चुलीत मात्र एकही जायची नाही.

आशा कायम झाली. अधूनमधून रविवारी ती मुकुंदवाडीला यायची. बानाबाई तिला बळंच जेवायला बसवायची, पारू तिच्याकडून इंग्रजी पाढे शिकून घ्यायची. बानाबाई म्हणायची, "ही पोर आली आन् आमच्या मानसाचं त्वांड उघडलं."

त्या उन्हाळ्यात सगळ्या कामगारांची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम निघालं. एकेकाला आत बोलवायचे. मुंजाबाची पाळी आली. चपला काढून तो आत गेला आणि सवयीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आशा आता त्याला काही म्हणायची नाही.

"बायकोचं नाव बानाबाई," ती टाइप करत म्हणाली. "मुली? जुन्या फॉर्मवर एकच आहे. सारजा."

मुंजाबानं घसा साफ केला. "तीन."

आशाची बोटं थांबली. "मामा, सारजा आणि पारू. दोन. मी घरी येते ना तुमच्या."

"मला मोजता येत नाय व्हय? तीन हायेत. पर लिही दोनच. पारूचं नाव चांगलं ठळक लिही, तिचं ऱ्हायलंय."

"आणि तिसरी?"

"ती देवाच्या वाट्याची," मुंजाबा तिच्याकडं बघत म्हणाला. "ती कागदावर चढवायची नसती."

आशानं दोन नावं टाइप केली. मग बराच वेळ ती पडद्याकडंच बघत बसली, वर काही तिनं बघितलं नाही. मुंजाबाही थांबला नाही. बाहेर येऊन तो चपला शोधू लागला, तेव्हा रांगेतला फकिरा म्हणाला, "काय रे, डोळ्यात काय गेलं?" मुंजाबा म्हणाला, "गार हवा लई हाय आत," आणि पायात चपला अडकवून स्टोअरकडं गेला.